माळ्यावरची गिटार बॉडी: रंगवू नकोस, मोजून विक

डोंबिवलीहून एका मुलाने विचारलंय. मामाच्या घरचा माळा आवरताना इलेक्ट्रिक गिटारची नुसती बॉडी सापडली. आकार स्ट्रॅटोकास्टरसारखा (फेंडर कंपनीची दोन शिंगांची प्रसिद्ध गिटार, थोडक्यात स्ट्रॅट), रंग लाल, कडांचे पोपडे उडालेले. नेक (तारा दाबायची लांब दांडी) नाही, ब्रिज (तारा बॉडीवर टेकतात तो धातूचा भाग) नाही. सोबत एक पिकअप (तारांचा कंप पकडणारी तारेची गुंडाळी) सापडलाय. नेक जिथे बसतो त्या खाचेच्या कोपऱ्यातून बारीक भेग निघाली आहे आणि ब्रिजच्या सहा स्क्रूंपैकी दोघांची भोकं मोकळी झालीत. एका दुकानदाराने बघून 800 रुपये सांगितले. मित्र म्हणतो, ‘दोन हजार खर्च करून मस्त रंगवून घे, आठ हजारांना जाईल.’ तर काका, रंगवून विकू की आहे तशी विकू? आणि मागू किती?

मी गिरगावात ठाकूरद्वारच्या आतल्या गल्लीत वाद्यांची दुरुस्ती करतो. वडील पेट्या दुरुस्त करायचे. मी त्याच खोलीत, त्यांच्याच पटाशा वापरून गिटारवर आलो. नुसत्या बॉड्या विकायला आणि विकत घ्यायला येणारे, दोन्ही लोक माझ्या स्टुलावर बसून गेलेत. त्यामुळे आधी उत्तर सांगतो, कारणं मग. रंगवू नकोस. भेग लाकडात आहे की फक्त रंगात आहे ते तपास. लाकडात असली तरच गोंद भर. बाकी सगळं आहे तसं ठेव. मापं घे, उजेडात फोटो काढ, दोष स्वतःहून लिही. 800 ला देऊ नकोस, पण आठ हजारांचं स्वप्नही बघू नकोस.

तुझं गिऱ्हाईक कोण ते आधी समजून घे. पूर्ण गिटार घेणारा माणूस वाजवून बघतो आणि घेतो. नुसती बॉडी घेणारा तसा नसतो. त्याच्याकडे बहुतेक वेळा एक नेक आधीच पडलेला असतो. पहिली गिटार पडून फुटली आणि नेक वाचला, किंवा ऑनलाइन सेलमध्ये स्वस्तात नेक मिळाला म्हणून घेऊन ठेवला. त्याला बॉडी हवी असते आणि एकच भीती असते: माझा नेक यात बसेल का? रंगाचं त्याला फारसं काही नसतं, तो बऱ्याचदा स्वतःच खरवडून नवा रंग देणार असतो. तू दोन हजार घालून काळाकुळकुळीत चकचकीत रंग दिलास आणि त्याला सर्फ ग्रीन, म्हणजे फिकट हिरवा, हवा असेल, तर तुझे दोन हजार त्याच्या पॉलिश पेपरखाली जाणार. ते तो तुला का देईल?

त्याहून वाईट म्हणजे ताजा रंग बघितला की जाणकाराला संशय येतो. का येतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी कॉलेजचा एक पोरगा काळी बॉडी घेऊन आला. आरशासारखी. त्याने ती कुणाकडून तरी घेतली होती, चांगले पैसे मोजून, आणि आता तिच्यावर नवा ब्रिज बसवायचा होता. मी ड्रिल लावलं. लाकूड असलं की बिटला कुरळी साल निघते आणि त्या लाकडाचा वास येतो. इथे पहिल्या दोन मिलिमीटरनंतर राखाडी पूड यायला लागली आणि वास आला तो गाड्यांच्या गॅरेजमध्ये येतो तसला. मी थांबलो. बॅटरी लावून बघितलं तर आत लांबी. गाडीचा पोचा भरतात ती. पूर्वी कुणीतरी त्या बॉडीत लॉकिंग ट्रेमोलोसाठी (ट्रेमोलो म्हणजे दांडा दाबला की डुलणारा आणि सूर हलवणारा ब्रिज) मोठा खड्डा खोदला होता, नंतर तो नको झाला म्हणून लांबीने भरला आणि वर रंग मारून सपाट केला. ब्रिज नेमका त्या लांबीवर उभा राहणार होता. दहा नंबरचा तारांचा सेट सुरात लावला की सहा तारा मिळून सुमारे 46 किलोचा ताण देतात. लांबी तो ताण कसा पेलणार? सगळी लांबी कोरून काढून लाकडाचा ठोकळा बसवावा लागला. पोराला बॉडीच्या किमतीइतकाच खर्च पडला. तेव्हापासून ताज्या रंगाची बॉडी समोर आली की मी आधी तिच्या पोकळ्यांमध्ये डोकावतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या पोरांनाही तेच शिकवतो. म्हणजे तू रंगवलीस तर तुला हेच गिऱ्हाईक भेटणार.

रंगाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. आपल्याकडे गॅरेजवाले आणि सुतार ज्याला ‘डुको’ म्हणतात तो शब्द ड्युपॉन्ट कंपनीच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरच्या नावावरून आला. फेंडर कंपनी पन्नास-साठच्या दशकांत गिटारींना जे खास रंग द्यायची ते याच ड्युपॉन्टच्या मोटारींच्या रंगांतून यायचे. म्हणजे लालबागच्या गॅरेजमधला पेंटर आणि कॅलिफोर्नियातला कारखाना एकाच डब्यातून जेवत होते म्हण ना. पण म्हणून तुझी बॉडी गॅरेजमध्ये टाकू नकोस. त्यातून आत्ता पावसाळा. दमट हवेत लॅकर मारलं की पांढरट झाक येते, थर आतून नीट सुकत नाही, आणि महिनाभराने हात टेकला की बोटांचे ठसे उमटतात.

आता भेग. तू पाठवलेल्या फोटोत ती रेघ नेकच्या खाचेच्या कोपऱ्यातून निघून वरच्या शिंगाकडे (बॉडीच्या टोकदार कोपऱ्याकडे) दोन इंच गेलेली दिसते. स्ट्रॅटच्या जातीत ही रेघ इतकी सर्रास सापडते की बघून घाबरायचं कारण नाही. स्वस्त आणि मध्यम किमतीच्या गिटारींवर पॉलिस्टरचा जाड, कडक थर असतो. लाकूड हवेबरोबर थोडं फुगतं आणि आक्रसतं, रंग मात्र जागचा हलत नाही. खाचेचा कोपरा ही सगळ्यात नाजूक जागा, त्यात कुणी नेक घट्ट दाबून बसवला की तिथला रंग तडकतो. दहातल्या बऱ्याच भेगा एवढ्याच असतात. उरलेल्या मात्र खऱ्या.

ओळखायचं कसं? नख आडवं फिरव. नख अडकलं तर काठ वर-खाली झालेत, म्हणजे शंका घे. मग खाचेच्या आत बघ, तिथे बहुतेक वेळा रंग नसतो किंवा पातळ असतो. बाहेरची रेघ जिथे संपते तिथूनच आतल्या उघड्या लाकडात ती पुढे चालू आहे का? असेल तर लाकूड फाटलंय. दिसत नसेल तर कापसाच्या बोळ्यावर लायटरमध्ये भरायचं पेट्रोल घे, आजूबाजूला गॅस, उदबत्ती काही पेटलेलं नको, आणि त्या जागी पुसून काढ. पृष्ठभागावरचं क्षणात उडतं, भेगेत शिरलेलं थोडा वेळ राहतं आणि काळी रेघ सोडतं. थिनर वापरू नकोस. रंग नायट्रोचा, म्हणजे त्या डुकोच्या जातीचा, निघाला तर थिनर तो विरघळवून टाकेल. शेवटची परीक्षा म्हणजे खाचेच्या दोन भिंतींवर दोन अंगठे ठेवून त्या हलक्या हाताने बाहेर ढकल. अगदी हलक्या. रेघ श्वास घेतल्यासारखी उघडली-मिटली तर ती लाकडातली.

तशी असेल तर हे एवढंच काम विकायच्या आधी कर, कारण हाताळणीत आणि प्रवासात ती भेग वाढत जाते. फेविकॉल एसएच घे, त्यात अगदी थोडं पाणी घालून सैल कर, भेगेवर ठेव आणि भिंत किंचित ताणत बोटाने आत चोळत राहा. दुसऱ्या बाजूने गोंदाचे थेंब दिसले की आत पोचला. ओल्या फडक्याने बाहेरचा पुसून टाक. आता क्लॅम्प लावायच्या आधी एक गोष्ट, जी सुतारही विसरतात: खाचेत लाकडाचा ठोकळा घाल. खाचेच्या रुंदीचा, तंतोतंत, आणि त्याला सेलोटेप गुंडाळ म्हणजे तो चिकटणार नाही. ठोकळा न घालता क्लॅम्प आवळलास तर भिंत आत झुकलेली असतानाच गोंद सुकेल, खाच अर्ध्या मिलिमीटरने अरुंद होईल आणि कुठलाच नेक आत जाणार नाही. क्लॅम्प चोवीस तास ठेव. पावसाळ्यात दोन दिवस.

इन्स्टंट गोंद मात्र नको. पाच रुपयांची ट्यूब हाताशी असते, मोह होतो. तो भेगेत अर्धवट शिरतो, क्षणात दगड होतो, आणि नंतर त्या जागेत दुसरा कुठलाही गोंद मुरत नाही. वडील पेटीच्या कामाला सरस वापरायचे. सरस गरम करून परत सोडवता येतो, पुढच्या कारागिराला वाट राहते. वडिलांचा तो विचार मी गिटारलाही लावतो: जे काम आपल्याला नीट जमणार नाही ते पुढच्यासाठी बिघडवून ठेवू नये.

हीच गोष्ट ब्रिजच्या दोन मोकळ्या भोकांची. दुरुस्ती सोपी आहे. भोक सहा मिलिमीटरचं करून साफ करायचं, घट्ट लाकडाची खुंटी गोंद लावून ठोकायची, वरून सपाट कापायची आणि नव्याने बारीक भोक पाडायचं. पण ते भोक सरळ आणि बाकी चार भोकांच्या ओळीत आलं पाहिजे. स्टँडवरचं ड्रिल नसेल तर हाताच्या ड्रिलने ते तिरकं जातं आणि मग ब्रिज डुलताना एका स्क्रूवर घासत राहतो. टूथपिक आणि फेविकॉल कोंबून बुजवणारेही आहेत. पट्ट्याच्या बटणाला तो उपाय चालतो. ब्रिजला मी तो करणार नाही, कारण तारांचा सगळा ताण इथे असतो आणि ब्रिज याच स्क्रूंवर टेकून डुलतो. म्हणून ती दोन भोकं तशीच सोड आणि जाहिरातीत लिही. घेणारा ज्याच्याकडे जाईल त्या कारागिराला हे काम रोजचं असतं. शिवाय घेणाऱ्याला कदाचित दोन खांबांचा आधुनिक ब्रिज लावायचा असेल, मग तुझी बुजवलेली भोकं त्याच्या काय कामाची?

आता मापं. पैसे मिळतात ते यातून, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एक व्हर्नियर कॅलिपर घे, प्लॅस्टिकचा डिजिटल चालेल. नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांत मिळतो, नाहीतर ऑनलाइन. टेपने मोजलेलं माप इथे उपयोगाचं नाही, कारण अर्ध्या मिलिमीटरने नेक बसतो किंवा बसत नाही.

फेंडरच्या पद्धतीच्या नेकच्या टाचेची, म्हणजे खाचेत बसणाऱ्या टोकाची, रुंदी सुमारे 56 मिलिमीटर असते. खाच लांबीला सुमारे 76 आणि खोलीला सुमारे 16. नेक बॉडीला आवळणाऱ्या मागच्या धातूच्या पट्टीच्या चार स्क्रूंच्या भोकांचे मध्य एकमेकांपासून 38 आणि 51 मिलिमीटरवर. तुझी मापं याच्या जवळ आली तर बाजारातले बहुतेक स्ट्रॅट पद्धतीचे नेक तुझ्या बॉडीवर बसतील, आणि हे वाक्य जाहिरातीत लिहिता येणं हा तुझा सगळ्यात मोठा फायदा. नाही आली तरी लिही. स्वस्त गिटारींच्या काही खाचा याहून वेगळ्या असतात आणि नेमका तसला नेक पडून असलेला कुणीतरी असतोच. तो तुझं माप वाचून उडी मारेल.

पुढे ब्रिज. सहा भोकांच्या ओळीत पहिल्या भोकाच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत मोज. जुन्या अमेरिकन पद्धतीत हे सुमारे 56.4 येतं. आशियाई बनावटीच्या पुष्कळ गिटारींत 52.5. दिसायला फरक नाही, पण एकाचा ब्रिज दुसऱ्यावर जात नाही. आणि बघ, हा एकच आकडा बॉडी कुठल्या घराण्याची आहे हेही बरंचसं सांगून जातो. मग बॉडीची जाडी: नेहमीची साधारण 44-45 मिलिमीटर असते, स्वस्त मॉडेलांत पातळ. पातळ बॉडीत ट्रेमोलोचा पूर्ण लांबीचा ब्लॉक (ब्रिजखालचा धातूचा ठोकळा) मागून बाहेर डोकावतो, म्हणून घेणाऱ्याला हे आधी कळायला हवं. खाचेच्या ब्रिजकडच्या भिंतीपासून ब्रिजच्या स्क्रूंच्या ओळीपर्यंतचं अंतर घे, त्यावरून तारेची लांबी जुळते की नाही ते कारागीर काढतो. फेंडरच्या नेकला ती 648 मिलिमीटर, गिब्सनच्या पद्धतीला सुमारे 628. पिकअपच्या पोकळ्यांचा आकार बघ, तीन अरुंद आहेत की ब्रिजजवळ एक रुंद आहे की सगळा एकच मोठा हौद आहे. पिकगार्डची (पुढच्या प्लॅस्टिकच्या पत्र्याची) भोकं मोज, आठ की अकरा. आणि वजन. भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवलीस तरी चालेल, तो हसेल फक्त.

लाकडाबद्दल विचारतील. ट्रेमोलोच्या मागच्या पोकळीत आणि स्क्रूंच्या भोकांत बघ. थरावर थर दिसले तर प्लायवुड. पांढुरकं आणि नखाने दाब उमटणारं असेल तर बासवुड असू शकतं. तांबूस आणि उघड्या छिद्रांचं असेल तर महोगनीच्या जातीचं किंवा आपल्याकडचं तूण. फेंडरने 1956 च्या सुमारास अ‍ॅशकडून मुख्यतः आल्डरकडे वळण घेतलं, म्हणून जो तो आपल्या बॉडीला आल्डर म्हणत सुटतो. रंगाखालचं लाकूड मीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. ‘लाकूड नक्की माहीत नाही, पोकळीचा फोटो सोबत आहे’ असं लिही. हे वाचून कुणी पळून जात नाही. ‘आल्डर’ लिहिलंस आणि त्याने भोक पाडल्यावर प्लाय निघालं, तर तो परत येतो आणि एकटा येत नाही.

भुंगा लागलाय का तेवढं मात्र बघच. माळ्यावरच्या लाकडाला आपल्याकडे तो लागतो. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि बॉडी आपटल्यावर पिठासारखी भुकटी. ती निघाली तर विकायचा विचार सोड, निदान माझ्या दुकानात तरी आणू नकोस.

नावाचं काय? मामा म्हणायचे फेंडर आहे, असं तू लिहिलंस. असेलही. पण गिटारची कुंडली बहुतेक करून नेकवर असते. नाव हेडस्टॉकवर, म्हणजे नेकच्या वरच्या टोकावर, आणि 1976 पासून फेंडरचा सीरियल नंबरही तिथेच. त्याआधी तो नेकच्या मागच्या धातूच्या पट्टीवर असायचा. तुझ्याकडे दोन्ही नाही. त्यामुळे जाहिरातीत ‘स्ट्रॅट टाईप बॉडी’ लिही. ‘फेंडर’ लिहिण्याइतका पुरावा हातात नाही आणि लोगोचं स्टिकर लावणं तर सरळ फसवणूक. आपल्या देशी गिव्हसनला गिब्सन समजून भाव सांगणारे लोकही मी बघितलेत, ते निदान मनापासून चुकतात.

तरी विकायच्या आधी दोन ठिकाणी बघून घे. एक, पोकळ्यांमध्ये आणि खाचेत पेन्सिलीने लिहिलेली तारीख किंवा शिक्का. जुन्या अमेरिकन बॉड्यांमध्ये अशी पेन्सिल सापडते. सापडली तर काहीही घासू नकोस, पुसू नकोस, आधी जाणकाराला दाखव. दुसरं, तुझ्या फोटोत एका पोकळीत व्हॉल्यूमचा पॉट (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालचा भाग) वायरला लोंबताना दिसतोय. त्याच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. अमेरिकन पॉट असेल तर पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे, 137 म्हणजे सीटीएस कंपनी. पुढचे आकडे वर्षाचे आणि आठवड्याचे. उदाहरणार्थ 137 नंतर 8912 असेल तर 1989 सालचा बारावा आठवडा. यावरून बॉडीचं वय सिद्ध होत नाही, कारण पॉट नंतरही बदलता येतो, पण ते आकडे जाहिरातीत दिसले की जाणकार फोन करतो. आणि लॅमिंग्टन रोडवर मिळणारा साधा मल्टिमीटर असेल तर सोबत सापडलेला पिकअप तपास. एका गुंडाळीचा पिकअप, म्हणजे सिंगल कॉइल, साडेपाच ते सात किलोओहमच्या आसपास दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटलीय. चालू पिकअप असेल तर तो बॉडीबरोबर फुकट देऊ नकोस, वेगळा विक.

किंमत. दुकानदार 800 म्हणाला त्यात त्याची चूक नाही. त्याला ती महिनोन्‌महिने ठेवायची, जागेचं भाडं भरायचं, दुरुस्त करायची आणि मग नफा काढायचा. तू थेट वाजवणाऱ्याला विकणार आहेस, तर हिशेब त्याच्या बाजूने कर. तशाच आकाराची नवी कोरी, रंग न दिलेली बॉडी त्या दिवशी ऑनलाइन कितीला मिळते ते बघ. समजा 6,000. यातून दोन भोकांची आणि भेगेची मजुरी वजा कर. समजा 1,500. उरले 4,500. आता जुनी, ओरखडे असलेली, आणि परत न करता येणारी वस्तू घेण्याची जोखीम तो घेतोय, त्याबद्दल आणखी निदान तिसरा हिस्सा सोड. म्हणजे 3,000 च्या आसपास. जाहिरातीत 3,200 लिही आणि 2,700 ला हसत दे. हे आकडे मी नमुन्याला घेतलेत, तू त्या दिवशीचे घाल. प्लाय निघालं तर मात्र हा हिशेब फाडून टाक आणि हजाराच्या आत जे मिळेल ते घे.

एक गोष्ट लक्षात घे, भाव करताना लोक पोपड्यांवर बोट ठेवतील. ‘रंग तर गेलाय.’ तेव्हा शांतपणे म्हणायचं, ‘हो, म्हणूनच आतलं लाकूड तुम्हाला दिसतंय.’ झालं. यापुढे वाद नको.

फोटो खिडकीपाशी, सकाळी, फ्लॅश न लावता काढ. पुढून, मागून, चारही कडा, प्रत्येक पोकळी, आणि भेगेचा जवळून एक, शेजारी मोजपट्टी ठेवून. कॅलिपर खाचेत लावलेला आणि आकडा वाचता येतोय असा एक फोटो दहा ओळींचं काम करतो. दोषांचे फोटो शेवटी लपवू नकोस, दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर टाक.

कुठे विकायची? ओएलएक्स आहेच. पण गिटारवाल्यांचे फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप जास्त कामाचे, कारण तिथे 56 मिलिमीटर म्हणजे काय ते समजावावं लागत नाही. रिहर्सल रूमच्या नोटीस बोर्डावर कागद लाव. धोबीतलावाजवळ वाद्यांची जुनी दुकानं आहेत, फुर्टाडोसचं नाव तर 1865 पासूनचं. तिथल्या आसपास वावरणाऱ्या पोरांना आणि दुरुस्तीवाल्यांना नुसतं सांगून ठेव, दुकानात विकायलाच पाहिजे असं नाही. घाई नसेल तर गणपती होऊन जाऊ दे. नंतर डिसेंबरमध्ये मूड इंडिगोसारखे कॉलेजांचे फेस्टिव्हल येतात आणि त्याआधीच्या दोन महिन्यांत पोरांना गिटारींची खाज सुटते. तोवर बॉडी माळ्यावर परत टाकू नकोस. सुती चादरीत गुंडाळ, सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि कपाटात उभी कर. प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधलीस तर आत घाम धरेल.

ओएलएक्सवर जाहिरात टाकलीस की पहिला फोन भामट्याचा येणार हे धरून चाल. ‘मी आर्मीत आहे, पोस्टिंगवर आहे, बघायला येऊ शकत नाही, पैसे आत्ता पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा.’ पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो. एवढं डोक्यात असलं की पुरे. जो एकही तांत्रिक प्रश्न न विचारता पूर्ण भाव द्यायला तयार होतो तो गिटारवाला नव्हे.

खरा गिऱ्हाईक आपला नेक घेऊन येतो. त्याला घेऊ दे. दादरला किंवा सीएसएमटीला इंडिकेटरखाली भेट, पण सकाळी साडेआठ ते अकरा नको. गर्दीच्या लोकलमध्ये बॉडीचं शिंग कुणाच्या तरी बरगडीत जातं आणि मग भेगेपेक्षा मोठा विषय होतो. अकरानंतरची गाडी धर. त्याने नेक खाचेत घातला आणि नेक हाताने न धरता, बॉडी उचलल्यावरही क्षणभर जागेवर राहिला, तर तो भाव करायचं विसरतो. मी हे अनेकदा बघितलंय.

बाहेरगावी पाठवायची असेल तर कुरिअरचा खर्च आधी विचारून घे. बॉडी दोन किलोची असली तरी बहुतेक कुरिअरवाले खोक्याच्या आकाराचं वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5,000 ने भागायचं. बॉडी साधारण 46 बाय 32 सेंटिमीटर. बबल रॅप धरून 52, 40, 14 चं खोकं घेतलंस तर 5.8 किलो येतं. म्हणजे पैसे सहा किलोचे. हे घेणाऱ्याने द्यायचे, आणि ते भाव ठरवतानाच बोलायचं. शिंगांच्या टोकांना आणि नेकच्या खाचेत थर्माकोलचे तुकडे नीट कोंब, मार तिथेच बसतो. खाचेत मोकळी जागा ठेवलीस तर दुरुस्त केलेली भेग पुण्याला पोचेपर्यंत परत उघडलेली असेल.

आणि माळ्यावर पुन्हा एकदा चढ. मामांनी नेक काढला असेल तर ती चार छिद्रांची धातूची पट्टी आणि तिचे चार लांब स्क्रू त्यांनी फेकले नसणार. आमच्या पिढीचे लोक असल्या वस्तू टाकत नाहीत, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात, जुन्या चाव्या आणि रेडिओच्या बटणांबरोबर. तो डबा शोध. पट्टी सापडली आणि तिच्यावर आकडे असले, तर जाहिरात टाकायच्या आधी मला तिचा फोटो पाठव.